दृष्टिपटलातील वाकड्या वाहिन्या आणि फॅब्री रोगातील हृदय

सन १८९८ मध्ये जर्मनीतील डॉर्टमुंड येथे राहणारा योहानेस फॅब्री नावाचा त्वचारोगतज्ज्ञ आणि लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील विल्यम अँडरसन नावाचा शल्यवैद्य, या दोघांनी, एकमेकांच्या कामाची यत्किंचितही खबर नसताना, एकाच व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. फॅब्रीपुढे आलेला रुग्ण तेरा वर्षांचा मुलगा होता आणि अँडरसनचा रुग्ण चाळिशीच्या उंबरठ्यावरचा गृहस्थ होता. दोघांच्याही अंगावर काळपट तांबड्या, बारीक ठिपक्यांचे पुंजके उठलेले होते. अँडरसनच्या रुग्णाच्या लघवीवाटे प्रथिनही जात होते, आणि त्यावरून त्या चतुर शल्यवैद्याला अशी शंका आली की त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची जी विकृती आपल्याला दिसते आहे, तशीच ती न दिसणाऱ्या मूत्रपिंडातही असली पाहिजे. दिसणाऱ्या वाहिनीवरून न दिसणाऱ्या वाहिनीचे अनुमान करण्याची जी रीत त्याने अशी नकळत घालून दिली, तिचाच विस्तार आज सव्वाशे वर्षांनी डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांच्या बाबतीत चालू आहे. आणि त्या विस्ताराची हकीकत, तिच्यातील आशा आणि तिच्या मर्यादा यांच्यासह, वाचकांपुढे मांडावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्याला आज फॅब्री रोग किंवा अँडरसन-फॅब्री रोग म्हणतात, तो प्रथम केवळ त्वचेचा विकार समजला गेला, आणि सुमारे पन्नास वर्षे तो त्याच सदरात पडून राहिला. १९४७ साली पोंपेन आणि त्यांचे सहकारी या डच वैद्यांनी या रोगाने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात असे पाहिले की, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील पेशी, हृदयाचे स्नायू आणि मूत्रपिंडे या सर्वांत कसल्यातरी पदार्थाचा संचय होऊन त्या पेशी पोकळ्यांनी भरल्यासारख्या दिसतात. हा पदार्थ कोणता, याचा निर्णय स्वीली आणि क्लिऑन्स्की या अमेरिकन संशोधकांनी १९६३ साली एका रुग्णाच्या मूत्रपिंडातून तो वेगळा काढून लावला: तो एक शर्करायुक्त स्निग्ध पदार्थ होता. पेशीमध्ये लायसोसोम नावाच्या ज्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि ज्यांत जीर्ण झालेल्या द्रव्यांचे विघटन अहोरात्र चालू असते, त्या पिशव्यांतील एक विशिष्ट एन्झाइम या रुग्णांत नसते किंवा अगदीच अल्प असते, हे रॉस्को ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखविले. आणि १९७० मध्ये त्या एन्झाइमची अल्फा-गॅलॅक्टोसिडेज-ए अशी निश्चित ओळख पटली. विघटन न झालेला तो स्निग्ध पदार्थ मग पेशीतच साचत जातो, वर्षानुवर्षे साचतो, आणि ज्या पेशी दीर्घायुषी असतात, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या, मूत्रपिंडातील गाळणीच्या आणि मज्जातंतूंच्या, त्यांना या संचयाचा उपसर्ग सर्वांत अधिक पोहोचतो. रक्तवाहिन्या तर शरीरात सर्वत्रच आहेत. म्हणून हा रोग एका अवयवाचा राहत नाही.

एन्झाइम घडविण्याचा हुकूम ज्या जनुकात लिहिलेला असतो ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि या एका गोष्टीमुळे या रोगाची वंशावळ विशिष्ट धाटणीची होते. रोगी पित्याकडून सदोष जनुक त्याच्या प्रत्येक कन्येकडे जाते, पण एकाही पुत्राकडे जात नाही. सदोष जनुक वाहणाऱ्या मातेकडून मात्र ते पुत्र असो वा कन्या, निम्म्या अपत्यांकडे जाण्याचा संभव असतो. त्यामुळे आजोबा आणि मुलीचा मुलगा, किंवा मामा आणि भाचा, अशा जोड्या या कुटुंबांत वारंवार आढळतात, आणि कुटुंबाचा इतिहास विचारणारा वैद्य जर केवळ बापाच्या घराण्यापुरतीच चौकशी करून थांबला तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. पूर्वी असे मानीत की स्त्रिया या रोगाच्या केवळ वाहक असतात, त्यांना त्याची बाधा होत नाही. ही समजूत चुकीची होती आणि तिने पुष्कळ स्त्रियांचे नुकसान केले आहे. १९६१ साली मेरी लायन या ब्रिटिश विदुषीने असे प्रतिपादन केले की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते, आणि कोणते निष्क्रिय व्हावे हे पेशीपेशीत वेगवेगळे ठरते. तेव्हा फॅब्री रोगाचे जनुक वाहणाऱ्या स्त्रीच्या शरीरात सुदृढ आणि सदोष पेशींची मिसळ असते, आणि ती मिसळ कोणत्या अवयवात कशी पडली यावर तिचे आरोग्य अवलंबून राहते. एखादी आजन्म निरोगी राहते. एखादीचे हृदय पन्नाशीच्या सुमारास तिच्या भावाच्या हृदयाइतकेच जाड झालेले असते.

रोगाची सुरुवात बहुधा बाळपणात होते आणि ती ओळखली जात नाही. हातापायांच्या तळव्यांची असह्य आग होणे, ताप आला किंवा ऊन लागले की ती आग वाढणे, अंगाला घाम न येणे किंवा अगदी थोडा येणे, जेवणानंतर पोटात कळा येऊन जुलाब होणे, ही लक्षणे इतकी साधी आहेत की आईबापांना ती वाढीच्या वयातली दुखणी वाटतात, शिक्षकांना व्यायाम टाळण्याचे निमित्त वाटते, आणि वैद्यही संधिवाताचे किंवा मनोविकाराचे निदान करून मोकळा होतो. मुलाचे दुःख खरे असते आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, हा या रोगाचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत क्रूर अध्याय आहे. पुढे विशी-तिशीत लघवीतून प्रथिन जाऊ लागते, मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात, तरुण वयात पक्षाघात होतो, आणि याच सुमारास हृदयातही बदल घडू लागतात.

हृदयाची गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण या रोगाने दगावणाऱ्या माणसांत आता हृदयविकार हेच मृत्यूचे प्रमुख कारण झाले आहे. एके काळी ते स्थान मूत्रपिंडांच्या निकामी होण्याकडे होते. डायालिसिस आणि मूत्रपिंडरोपण यांचा प्रसार झाल्यावर रुग्ण त्या संकटातून तरू लागले, आणि हृदयाचा विकार पुढे आला. या रोग्यांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीवरून २००९ साली जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान सुमारे ५८ वर्षे आणि स्त्रियांचे सुमारे ७५ वर्षे आले होते. हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत हळूहळू जाड होत जाते. मात्र या जाडीतील साचलेल्या स्निग्ध पदार्थाचा वाटा अल्प, फार तर एकदोन टक्के, असतो, आणि बाकीची जाडी स्नायुपेशींच्या फुगण्याने आणि पेशींमधील तंतुमय ऊतक वाढल्याने येते. म्हणजे संचय हा केवळ आरंभ होय. त्याने चाळवलेली विकृती पुढे स्वतंत्रपणे वाढत राहते. जवनिकेच्या भिंतीचा मागच्या-खालच्या बाजूचा भाग प्रथम वणाच्या ऊतकाने व्यापला जातो, ठोक्यांची लय बिघडते, आणि काही रुग्णांत मृत्यू अकस्मात येतो. चुंबकीय प्रतिमाचित्रणात, म्हणजे एम.आर.आय.मध्ये, या हृदयाचा एक विशेष असा दिसतो की स्निग्ध संचयामुळे स्नायूचे टी-१ नावाचे मापन नेहमीपेक्षा कमी भरते. इतर कारणांनी जाड झालेल्या हृदयात ते सहसा असे उतरत नाही. ही तपासणी उत्तम आहे, परंतु ती महाग आहे, मोठ्या शहरांतच होते, आणि ज्याला या रोगाची शंका आली आहे असाच वैद्य ती करावयास सांगतो. शंका मुळात यावी कशी, हाच तर खरा प्रश्न आहे.

येथे डोळ्याचा संबंध येतो. शरीर न कापता, जिवंत माणसाच्या सूक्ष्म रोहिण्या आणि नीला प्रत्यक्ष पाहता येतील अशी जागा डोळ्याच्या आतल्या पडद्यासारखी, म्हणजे दृष्टिपटलासारखी, दुसरी नाही. १८५१ साली हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने आपल्या नेत्रदर्शक यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले, तोपर्यंत बाहुलीच्या आतला हा प्रदेश वैद्यांना काळाकुट्ट अंधार होता. त्यानंतर मात्र मूत्रपिंडाच्या रोगांत, मधुमेहात आणि रक्तदाबात दृष्टिपटलावर काय काय उमटते याचे दाखले झपाट्याने जमू लागले. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर या अमेरिकन वैद्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांचे दृष्टिपटलावरील चिन्हांवरून चार वर्ग पाडले आणि ज्या वर्गात चिन्हे तीव्र त्या वर्गातील रुग्ण लवकर दगावतात हे दाखवून दिले. डोळ्यात पाहून आयुष्याचा अंदाज बांधण्याचा हा एक जुना आणि शिस्तबद्ध प्रयत्न होय. पुढे अमेरिकेतील एका मोठ्या समूहाच्या पाहणीत २००२ साली असे आढळले की दृष्टिपटलातील रोहिण्या ज्या स्त्रियांत अरुंद होत्या त्यांच्यात हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांचा विकार अधिक होता. पुरुषांत मात्र हा संबंध सिद्ध झाला नाही. मी हा तपशील मुद्दाम देतो आहे, कारण या विषयात उत्साहाच्या भरात जी विधाने केली जातात त्यांना असे विसंवादी निष्कर्ष वेळोवेळी लगाम घालतात.

फॅब्री रोगात डोळ्यात मुख्यतः तीन चिन्हे दिसतात. पहिले, डोळ्यापुढील पारदर्शक काचेवर, म्हणजे स्वच्छमंडलावर, एका बिंदूपासून भोवऱ्यासारख्या फिरत गेलेल्या पिवळट-तपकिरी रेषा. यांनी दृष्टीला बाधा येत नाही, रुग्णाला त्यांची जाणीवही नसते, परंतु तज्ज्ञाच्या दिव्याखाली त्या स्पष्ट दिसतात. दुसरे, भिंगाच्या मागच्या बाजूस उमटणारी एक विशिष्ट प्रकारची धूसरता. तिसरे, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील आणि दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांचे नागमोडी होणे. युरोपातील रुग्णांच्या नोंदीवर आधारलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १७३ रुग्णांचे डोळे तपासले गेले. त्यात स्वच्छमंडलावरील भोवरा स्त्रीपुरुष दोहोंमध्ये सुमारे तीनचतुर्थांश जणांत होता, तर वाहिन्यांची वक्रता निम्म्याच्या आसपास पुरुषांत आणि पाचांतील एखाद्या स्त्रीत दिसली. या दोन आकड्यांतील तफावतीतच पुष्कळ अर्थ भरलेला आहे. जे चिन्ह सौम्य रोग असो वा तीव्र, बहुतेकांत दिसते, ते रोगाचे निदान करण्यास उपयोगी पडते, पण रोग किती पुढे गेला आहे हे सांगण्यास असमर्थ ठरते. उलट, जे चिन्ह काहींतच दिसते आणि ज्यांची एकंदर प्रकृती अधिक बिघडलेली आहे अशांत बहुधा दिसते, ते तीव्रतेचे मोजमाप होऊ शकते. त्या पाहणीत वाहिन्या वक्र असलेल्या रुग्णांचा तीव्रता-निर्देशांक इतरांहून अधिक भरला. आणि नेत्रवैद्यांचे लक्ष स्वच्छमंडलावरून दृष्टिपटलाकडे वळण्याचे एक कारण हेच आहे.

वाहिन्या वाकड्या का होतात? याचे उत्तर अद्याप तर्काच्या पातळीवर आहे, पण तो तर्क सयुक्तिक आहे. वाहिनीच्या आतील अस्तराच्या पेशींत आणि भिंतीतील गुळगुळीत स्नायुपेशींत स्निग्ध संचय होऊन भिंतीची ताण सोसण्याची शक्ती बदलते. रक्तदाबाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती लांबते आणि पूर्ववत आखडत नाही. दृष्टिपटलातील वाहिनी दोन्ही टोकांना ऊतकात जखडलेली असते, आणि दोन खुंट्यांना बांधलेली दोरी लांब झाली की ती जशी सरळ राहू शकत नाही, तशीच ही वाहिनीही वळसे घेऊ लागते. त्याच रोग्यांच्या रक्तात या स्निग्ध पदार्थाचे जे एक विद्राव्य रूप पुष्कळ वाढलेले असते, ते प्रयोगशाळेत स्नायुपेशींची वाढ उत्तेजित करते, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. भिंतीचे जाड होणे आणि लवचिकपणा गमावणे ही प्रक्रिया डोळ्यात जशी चालते तशी ती हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांतही चालत असावी, हे गृहीत धरूनच एका ठिकाणच्या चित्रावरून दुसऱ्या ठिकाणचा अंदाज बांधला जातो. मोठ्या रोहिण्या स्वच्छ असूनही या रुग्णांच्या छातीत दुखते, याचे स्पष्टीकरणही सूक्ष्म वाहिन्यांच्या याच विकारात शोधले जाते.

पूर्वी वक्रता डोळ्यांनीच ठरवीत. एक तज्ज्ञ तिला सौम्य म्हणे, तर दुसरा मध्यम. आता दृष्टिपटलाचे रंगीत छायाचित्र घेऊन संगणकाकरवी प्रत्येक वाहिनीची प्रत्यक्ष लांबी आणि तिच्या दोन टोकांमधील सरळ अंतर यांचे गुणोत्तर काढतात; वाहिनी अगदी सरळ असेल तर हे गुणोत्तर एक येते, आणि ती जितकी वळसे घेईल तितके ते एकाच्या वर चढते. स्कॉटलंडमधील एडिंबरा आणि डंडी येथील विद्यापीठांनी आणि सिंगापूर येथील संशोधकांनी अशा मोजणीसाठी संगणकप्रणाली सिद्ध केल्या आहेत. ज्यांचे माप मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते अशा वाहिन्यांचा हा हिशेब आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागील श्रमांची कल्पना येईल. याखेरीज, कोणतेही रंगद्रव्य शिरेत न टोचता प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या साहाय्याने केशवाहिन्यांचे थर वेगवेगळे दाखविणारी एक नवी पद्धतही, जिला ओ.सी.टी. अँजिओग्राफी म्हणतात, गेल्या दशकात या रोगात वापरली जात आहे. काही अभ्यासांत केशवाहिन्यांची दाटी बदललेली आढळली आहे, तथापि असे अभ्यास मोजक्या रुग्णांवरचे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी सदैव जुळतात असे नाही.

रुग्णसंख्येची ही अडचण दुर्मीळ रोगांच्या संशोधनाला सतत भोवते. २०१८ साली गूगल कंपनीतील संशोधकांनी दृष्टिपटलाच्या छायाचित्रांवरून माणसाचे वय, लिंग, धूम्रपानाची सवय आणि रक्तदाब यांचा अंदाज संगणकाकडून करवून घेतला, आणि येत्या पाच वर्षांतील हृदयविकाराच्या संभवाविषयीही काही भाकीत होऊ शकते असे दाखविले; त्यासाठी त्यांनी २,८४,३३५ माणसांची छायाचित्रे यंत्राला शिकविण्याकरिता वापरली. अभिजात स्वरूपाचा फॅब्री रोग साधारणतः चाळीस हजार पुरुषांत एकाला होतो, असा एक प्रचलित अंदाज आहे. तेव्हा जे यंत्र लाखो चित्रे पाहून शहाणे होते, त्याला फॅब्री रोगाची लाखो चित्रे आणावयाची कोठून? सर्वसामान्य लोकांच्या चित्रांवर तयार झालेली गणिते या रुग्णांना जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे, कारण त्या गणितांना वार्धक्यामुळे, मधुमेहामुळे आणि रक्तदाबामुळे बिघडलेल्या वाहिन्या परिचित असतात. एन्झाइमच्या अभावाने पंचविशीतच वाकड्या झालेल्या वाहिन्या त्यांच्या परिचयाच्या नसतात. म्हणून या क्षेत्रात मोठ्या आकड्यांचा दिमाख चालत नाही. प्रत्येक रुग्णाचा डोळा, हृदय आणि मूत्रपिंड यांची वर्षानुवर्षे एकत्र नोंद ठेवणारी, देशोदेशींच्या रुग्णालयांनी मिळून चालविलेली दफ्तरेच येथे उपयोगी पडतात.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. वक्र वाहिन्या आणि बिघडलेले हृदय एकत्र आढळले, एवढ्यावरून वाहिन्यांनी हृदयाविषयी काही स्वतंत्र माहिती दिली असे ठरत नाही. दोन्हीही वयाबरोबर वाढतात, दोन्हीही पुरुषांत अधिक असतात, आणि दोन्हीही एन्झाइमचा पूर्ण अभाव करणाऱ्या जनुकदोषांत अधिक तीव्र असतात. रुग्ण पुरुष आहे, त्याचे वय चाळीस आहे आणि त्याच्यात एन्झाइम जवळजवळ नाही, हे माहीत असल्यावर दृष्टिपटलाच्या छायाचित्राने आपल्या ज्ञानात आणखी किती भर पडली, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळावयाचे तर हृदय अद्याप निरोगी असलेल्या तरुण रुग्णांचे डोळे आज मोजून, त्यांतील कोणाचे हृदय पुढे बिघडते हे दहा-पंधरा वर्षे पाहत राहावे लागते. तोवर दृष्टिपटलातील वक्रता हा तीव्रतेचा सूचक मानावा, निर्णायक पुरावा मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय वाहिन्या वाकड्या होण्यास इतरही कारणे असतात: रक्तदाब, जन्मजात हृदयदोष, तीव्र पांडुरोग, अपुऱ्या दिवसांचा जन्म, आणि काही निरोगी माणसांत त्या उपजतच वाकड्या असतात.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र रोगाच्या स्वभावातच आहे. फॅब्री रोगाचा एक प्रकार असा आहे की ज्यात एन्झाइम थोडेबहुत काम करीत राहते, बाळपण निर्वेध जाते, तळव्यांची आग होत नाही, मूत्रपिंडेही बहुधा टिकून राहतात, आणि पन्नाशी उलटल्यावर केवळ हृदय जाड होऊन रुग्ण वैद्यापुढे येतो. तैवानमध्ये नवजात बालकांची सरसकट रक्ततपासणी सुरू झाली तेव्हा या प्रकारचा एक जनुकदोष तेथे साधारणतः दीड हजार मुलग्यांत एकाला असल्याचे आढळून साऱ्या वैद्यकीय जगाला आश्चर्य वाटले. अशा रुग्णांच्या डोळ्यात बहुधा काहीच दिसत नाही. म्हणजे ज्याचे फक्त हृदय धोक्यात आहे, नेमक्या त्याच्याच बाबतीत डोळा मौन पाळतो. दृष्टिपटल स्वच्छ आहे म्हणून हृदयाची चिंता नको, असा निर्वाळा या रोगात कोणी देऊ नये. वाकडी वाहिनी दिसली तर तिला महत्त्व आहे, सरळ वाहिनी दिसली तर तिने कोणतीही जोखीम टळत नाही.

डोळा आणि रोहिण्या यांचे असे नाते केवळ फॅब्री रोगातच आहे असे नाही. १८८९ मध्ये रॉबर्ट डॉइन या इंग्रज नेत्रवैद्याने दृष्टिपटलाखाली रक्तवाहिन्यांसारख्या दिसणाऱ्या, परंतु वाहिन्या नसलेल्या रेषांचे वर्णन केले. १९२९ साली ग्रोनब्लाड आणि स्ट्रांडबर्ग या स्वीडिश वैद्यांनी त्या रेषांचा मानेवरील सुरकुतलेल्या, पिवळसर पुरळ असलेल्या त्वचेशी संबंध जोडला. आणि या रेषा व अशी त्वचा ज्यात एकत्र दिसतात त्या रोगात लवचिक तंतूंवर चुना बसून हातापायांच्या आणि हृदयाच्या रोहिण्याही कठीण होतात, हे पुढे कळून आले. त्याचे सदोष जनुक सापडावयास २००० साल उजाडावे लागले. त्वचावैद्य, नेत्रवैद्य आणि हृदयवैद्य यांची दालने वेगवेगळी असल्यामुळे एकाच माणसाच्या तीन तक्रारी तीन वह्यांत नोंदल्या जातात आणि त्यांची रुजुवात कोणीच करीत नाही, ही उणीव दोन्ही रोगांच्या इतिहासात सारखीच खुपते.

आता उपचारांकडे वळू. प्रयोगशाळेत तयार केलेले एन्झाइम दर दोन आठवड्यांनी शिरेतून देण्याची पद्धत युरोपात २००१ पासून आणि अमेरिकेत २००३ पासून अधिकृतपणे सुरू झाली. त्यानंतर काही विशिष्ट जनुकदोष असलेल्यांसाठी तोंडाने घ्यावयाचे औषधही २०१६ मध्ये युरोपात मान्य झाले. या उपचारांनी नवा संचय रोखला जातो, वेदना उतरतात, मूत्रपिंडाची झीज मंदावते. परंतु हृदयाच्या भिंतीत वणाचे ऊतक एकदा पसरले की ते मागे हटत नाही, आणि तशा हृदयाला औषधाचा लाभ फारच थोडा होतो. म्हणून या रोगात निदानाची वेळ ही औषधाइतकीच महत्त्वाची आहे. आपल्या देशात मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने दुर्मीळ आजारांविषयी जे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, त्यात फॅब्री रोगाचा समावेश आहे. पण तो करताना, महत्त्वाच्या अवयवांची लक्षणीय हानी होण्यापूर्वी निदान झालेला, अशी अट घातली आहे. नियुक्त केंद्रांतून उपचार घेणाऱ्या रुग्णाला पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तजवीज नंतर करण्यात आली, आणि मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे या केंद्रांपैकी एक आहे. उपचार आयुष्यभर चालावयाचे, आणि औषध एवढे महाग की ही रक्कमही प्रौढ रुग्णाला फार काळ पुरत नाही; हा प्रश्न स्वतंत्र आणि गंभीर आहे. परंतु ज्याचे निदान उशिरा झाले त्याला त्या अटीमुळे दारातूनच परतावे लागण्याची भीती आहे, आणि हा अन्याय टाळण्याचा मार्ग एकच: निदान लवकर होणे.

या दृष्टीने नेत्रवैद्याचे स्थान मोठे आहे. चष्म्याचा नंबर काढण्यासाठी आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला हृदयवैद्याकडे जाण्याचे काही कारण नसते, मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाकडे तर मुळीच नसते. परंतु त्याच्या स्वच्छमंडलावर दिव्याचा प्रकाश पडतो, आणि दृष्टिपटलाचे छायाचित्र आता तालुक्याच्या गावीही निघू लागले आहे. हृदयाच्या बिघडलेल्या लयीवरील अ‍ॅमिओडॅरोन हे औषध किंवा क्लोरोक्विन घेत नसलेल्या रुग्णाच्या स्वच्छमंडलावर भोवरा दिसला, किंवा रक्तदाब नसलेल्या तरुणाच्या दृष्टिपटलावरील वाहिन्या वाजवीपेक्षा वाकड्या दिसल्या, तर तेवढ्यावरून निदान करता येत नाही. पण तळव्यांची आग होते काय, घाम येतो काय, आणि आईच्या माहेरी कोणाला कमी वयात मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा पक्षाघाताचा विकार झाला होता काय, हे तीन प्रश्न विचारण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. उत्तरे होकारार्थी आली तर पुरुषाच्या रक्तातील एन्झाइमची पातळी मोजून निर्णय लागू शकतो. स्त्रीच्या बाबतीत ती पातळी सामान्य भरूनही रोग असू शकत असल्यामुळे जनुकाचीच तपासणी करावी लागते. एका रुग्णाचे निदान झाले म्हणजे त्याची आई, बहिणी, मामा, मावश्या, मुली आणि भाचेमंडळी यांची तपासणी करणे हेही त्याच वैद्याचे कर्तव्य आहे, कारण त्यांच्यापैकी कोणाचे हृदय अजून शाबूत असण्याचा संभव असतो आणि औषधाचा खरा उपयोग त्यालाच होणार असतो. ज्या वाचकांच्या घरी एखादे मूल हातापायांची आग होते म्हणून उन्हाळ्यात रडत असेल आणि त्याला घाम येत नसेल, त्यांनी ते हट्टीपणाचे सोंग समजू नये. त्याच्या लघवीतील प्रथिन तपासून घ्यावे, त्याचे डोळे नेत्रवैद्याला दाखवावे, आणि आईच्या घराण्यातील दुखण्यांची कैफियत वैद्याला सविस्तर सांगावी.